कंपनीच्या डब्यात बसवलेले यंत्र डेपोतून परत मिळण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, कारखान्यांतील वजनकाटे तपासणे व दुरुस्त करणे, काम फिरतीचे, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

माझे यंत्र या क्षणी चालू आहे. ते आमच्या इंटरनेट कंपनीच्या डेपोत चाचणीच्या फळीवर आहे. ते चालू असल्याची खात्री ठाणे अंमलदार साहेबांनी आत्ताच माझ्या मोबाईलवर स्वतः करून घेतली. त्यांनी त्यातला एक फोटो उघडून पाहिला. फोटो माझ्या मुलीचा, पहिल्या सायकलवरचा आहे. "चांगला आलाय," असे साहेब म्हणाले. गेलेली वस्तू तक्रारदाराच्या हातात इतकी छान चालत असेल तर तक्रार कशाची, असे त्यांनी विचारले. त्यावरून हकीकत सांगतो.

आमच्या घरी मी, पत्नी व आई असे राहतो. मुलगी शिकायला बाहेरगावी असते. वडील तीन वर्षांपूर्वी वारले. आजारपणाच्या शेवटच्या वर्षात वडिलांना हाक मारली की दम लागे, म्हणून ते फोनवर आवाज रेकॉर्ड करून आईला निरोप पाठवत. दोघे एकाच घरात होते. ते पलंगावर, ती स्वयंपाकघरात. निरोप साधारण असे: पंखा एकवर कर. चष्मा उशीखाली नाही, तू दुसरीकडे ठेवलास. गॅस बंद केलास का. असे सातशेच्या वर निरोप आहेत.

वडील गेल्यावर त्यांचे ऑनलाइन खाते वापरात नसल्याने बंद करत आहोत, असे ज्या कंपनीकडे ते होते तिने कळवले. मुदतीच्या आदल्या दिवशी मी सगळे निरोप उतरवून घेतले. तेव्हापासून आपल्या वस्तू आपल्याच घरात ठेवायच्या, दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवायच्या नाहीत, असे मी ठरवले. पत्नी म्हणाली, "घरात जागा आहे का ते आधी बघा."

म्हणून मी एक लहान यंत्र, म्हणजे घरात सतत चालू ठेवायचा छोटा संगणक, घेतले. त्यात वेगवेगळे कंटेनर, म्हणजे प्रोग्रामचे स्वतंत्र कप्पे, चालतात. एका कंटेनरमध्ये फोटो, एकात वडिलांचे निरोप, एकात बिले व कागदपत्रे. एक बिघडला तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी कंटेनरचे वजन विचारले. वजन नसते, असे मी सांगितले. मी वजनकाट्यांच्या धंद्यात असल्याने त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला.

बाहेरगावाहून यंत्रापर्यंत पोचता यावे म्हणून मी खासगी बोगदा केला आहे. बोगदा म्हणजे खणलेला नव्हे. आमच्या घरातले फोन, आईचा टॅब्लेट व ते यंत्र एवढ्यांनाच एकमेकांशी बोलता येते, बाकी जगाला ते दिसत नाही. यंत्र कुठेही असो, वीज व नेट मिळाले की ते आपणहून या बोगद्यात येऊन उभे राहते. हा त्याचा मोठा गुण आहे, असे मी घरी वरचेवर सांगत असे.

यंत्र चोरांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी ते इंटरनेट कंपनीच्या जुन्या डब्यात बसवले. लाईन घेतली तेव्हाचा तो राउटरचा डबा बदलून मिळाल्यावर कंपनीने परत नेला नव्हता. मी त्यातले सामान काढून टाकले व माझे यंत्र आत बसवले. बॅकअपची डिस्कही त्यातच बसवली, कारण जागा उरली होती. बाहेर कंपनीचे स्टिकर व नंबर तसेच ठेवले. अशा मळकट डब्याला कोण हात लावणार, असा माझा हिशोब होता. तो चोरांच्या बाबतीत आजपर्यंत बरोबर ठरला आहे.

गेल्या आठवड्यात मी फिरतीवर असताना कंपनीचा लाईनमन लाईनचा डबा बदलायला घरी आला. पत्नी घरात होती. पुढचे तिने मला सांगितल्याप्रमाणे आहे. लाईनमन म्हणाला, "वहिनी, तुमच्या पत्त्यावर आमचे दोन डबे दिसतात. दुसरा कुठाय?" पत्नीने कोठीच्या खोलीतले कपाट दाखवले व म्हणाली, "तो यांचा आहे. त्याला हात लावलेला यांना चालत नाही. मी तर त्याच्यावरची धूळही पुसत नाही." लाईनमन म्हणाला, "स्टिकर आमचं आहे, नंबर आमचा आहे. तुमचं काय आहे यात?" पत्नीने मला फोन केला. मी त्या वेळी कारखान्यात होतो, तिथे फोन फाटकावर जमा करावा लागतो. लाईनमन थोडा वेळ थांबला, त्याने पाणी मागून घेतले, मग दोन्ही डबे नेले. त्याने दोन डब्यांची पावती दिली. त्याची वागणूक सभ्य होती, असे पत्नीचे म्हणणे आहे.

संध्याकाळी पत्नीने मला फोनवर सांगितले की तुमचा कपाटातला डबा नेला. मी मोबाईल पाहिला. यंत्र चालू दिसत होते. फोटो उघडत होते. मी म्हणालो, "शक्य नाही. माझ्यासमोर चालू आहे."

ती म्हणाली, "मी कपाटासमोर उभी आहे."

मी म्हणालो, "अगं, नीट बघ, मागे सरकला असेल. बंद पडला असता तर मला आधी कळलं असतं."

ती म्हणाली, "बरं. तुम्हाला तिथून दिसतोय ना, मग असेल." व तिने फोन ठेवला. नंतर चार दिवस तिने हा विषय काढला नाही.

त्या चार दिवसांत यंत्र एकदाही बंद पडले नाही. एरवी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा वीज जाते, त्याबरोबर तेही जाते. मुलीने हॉस्टेलवरून कळवले, "बाबा, फोटो एकदम पटकन उघडतात आता. काय केलंत?" मी काही सुधारणा केल्या आहेत, असे तिला सांगितले. आई रोज सकाळी चहा पिताना टॅब्लेटवर निरोप ऐकते. तिने सांगितले, "यांचा आवाज आता मधेच अडकत नाही रे. पूर्वी अडकायचा तेव्हा मला वाटायचं, खोकला आला." तिलाही मी सुधारणांचेच कारण दिले.

तिसऱ्या दिवशी मी लॉजवर बसून यंत्राची नेहमीची देखभाल केली. तेव्हा घरच्या लाईनवर चाळीसच्या आसपास अनोळखी यंत्रे असल्याचे दिसले. ती माझ्या यंत्राची चौकशी करत होती. मी पत्नीला फोन करून विचारले, "घरात कोणी शिरलंय का?" ती म्हणाली, "इतके लोक शिरले असते तर मी चहा तरी टाकला असता." मी तातडीने बंदोबस्त केला. यापुढे यंत्रात बदल करणे किंवा त्यातून काहीही उतरवून घेणे फक्त यंत्राला जोडलेल्या, म्हणजे आमच्या घरच्या, वायरवरूनच होईल, बोगद्यातून फक्त पाहता व ऐकता येईल, असे कुलूप मी घातले. हे कुलूप चांगले आहे. मला स्वतःला ते बाहेरून उघडता येत नाही.

चौथ्या दिवशी घरी आलो. कपाट रिकामे होते. धुळीत डब्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता. मोबाईलवर यंत्र चालू होते. पत्नी दारात उभी होती.

त्या चाळीस यंत्रांची नावे मी पुन्हा वाचली. ती सगळी कंपनीच्या डब्यांची होती. त्यावरून माझे यंत्र डेपोत असल्याचे माझ्या लक्षात आले. आपले घर सांभाळायचे म्हणून मी जिथे कुलूप लावले, ते त्यांचे भांडार होते.

काल मी डेपोत गेलो. तिथल्या स्टोअरकीपरने मला काचेपलीकडून चाचणीची फळी दाखवली. परत आलेले डबे तिथे आठवडाभर वीज व नेट देऊन ठेवतात. जो बंद पडत नाही तो पास. डेपोला जनरेटर आहे. मी खालून तिसऱ्या रांगेतला डबा दाखवला व तो माझा असल्याचे सांगितले.

स्टोअरकीपर म्हणाले, "नंबर कोणाचा?"

मी म्हणालो, "नंबर तुमचा."

"स्टिकर?"

"तुमचंच."

"मग तुमचं काय?"

"आतलं."

ते म्हणाले, "म्हणजे कंपनीचा डबा तुम्ही उघडलात. हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, खरं सांगू? बाकीचे डबे दोन दिवसांत तापतात. तुमचा हाताला गार लागतो. आमच्या इंजिनिअरनं त्याच्यावर खास खूण केलीये."

पास झालेले डबे उद्या दुपारी गाडीने दुसऱ्या शहरात जाणार आहेत. त्याआधी मागच्या भोकात पिन घालून ते कोरे करतात. माझ्या डब्यात त्या भोकामागे काही नाही, त्यामुळे पिन घातल्यास काय होईल ते मी सांगू शकत नाही. डबा मला द्यावा, निदान गाडीत चढवू नये, अशी विनंती केल्यावर स्टोअरकीपर म्हणाले, "पोलिसांचा कागद आणा. कागद असला की मी डबा बाजूला ठेवतो. नुसत्या तोंडी सांगण्यावर मी माझ्या सासऱ्यांनाही दिला नाही."

म्हणून आज ठाण्यात आलो. अंमलदार साहेबांनी सांगितले की चोरीची तक्रार लिहिली तर वस्तू मुद्देमाल म्हणून जप्त होईल, सीलबंद होईल व कोर्टाच्या हुकमापर्यंत ठाण्याच्या कोठडीशेजारच्या खोलीत राहील. तिथे प्लग नाही. हरवल्याची नोंद करायची तर वस्तू कुठे आहे हे तक्रारदाराला माहीत असता कामा नये. मला ते फळीसकट माहीत आहे. हवालदार म्हणाले, "कंपनीनं उलट तक्रार केली तर? डबा त्यांचा फोडलाय यांनी." साहेब म्हणाले, "तेवढं त्यांना सुचवायला जाऊ नकोस." शेवटी माझा नुसता जबाब नोंदवावा, त्यावर ठाण्याचा शिक्का मारावा व त्याची प्रत स्टोअरकीपरला दाखवावी, असे ठरले. तीच ही प्रत.

काल डेपोतून परतल्यावर मी घरी परिस्थिती सांगितली. यंत्रातून काही उतरवता येत नाही, फक्त ऐकता येते, असे म्हणालो. फोटोंच्या बऱ्याचशा प्रती मुलीकडे व नातेवाइकांकडे आहेत. निरोप दुसरीकडे कुठेच नाहीत. पत्नीने थोडा विचार केला व म्हणाली, "टॅब्लेटवर लावायचं आणि शेजारी फोन ठेवून पुन्हा रेकॉर्ड करायचं." तसे केल्यास आवाजाचा दर्जा जाईल, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमचा दर्जा डेपोत आहे."

काल दुपारपासून ते काम चालू आहे. निरोप एकेक लावावा लागतो, दुसरा उपाय नाही. आधी पत्नीने केले, मग आई बसली. मी काही प्रती ऐकून पाहिल्या. वडील विचारतात, गॅस बंद केलास का, आणि वर आईचा आवाज येतो, केव्हाच केलाय. वडील म्हणतात, चष्मा उशीखाली नाही. आई म्हणते, नाकावर बघा. आई, रेकॉर्ड चालू असताना बोलू नकोस, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ते बोलत असताना मी गप्प कधी बसले होते?" पत्नीने मला खुणेने बाहेर जायला सांगितले. त्यापुढच्या सगळ्या प्रतींमध्ये दोघांचेही आवाज आहेत. मूळ निरोपांमध्ये तसे नव्हते.

आज सकाळी मी इकडे निघालो तेव्हा शेवटच्या महिन्यातले निरोप उरले होते. ते थोडे आहेत, पण वडील गेल्यापासून आईने ते कधी ऐकलेले नाहीत. त्या महिन्यापाशी आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ते मी करतो, असे मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "तू पोलिसांकडे जा. हे माझ्याकडे आलेले निरोप आहेत." तिने खोलीचे दार लोटून घेतले. पत्नी बाहेर बसून आहे. अर्ध्या तासापूर्वी मी फोन केला तेव्हा आतून फक्त वडिलांचा आवाज येत असल्याचे पत्नीने सांगितले.

माझी लाईनमनविरुद्ध तक्रार नाही. स्टोअरकीपरविरुद्ध नाही. कंपनीविरुद्धही नाही. आतले यंत्र मला मिळावे, डबा कंपनीने ठेवून घ्यावा, एवढेच म्हणणे आहे. कुठेही "चोरी" असा शब्द आला असल्यास तो "चुकून नेणे" असा वाचावा.

माझा हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे. कंटेनरबद्दलचा भाग त्यांनी दोनदा वाचला. तोही बरोबर आहे.

वाचून झाल्यावर घरून फोन आला, म्हणून एवढे जोडून लिहून घेतले: उद्या सकाळी डेपो उघडताच हवालदार व मी ही प्रत घेऊन तिथे जाणार आहोत. स्टोअरकीपरने कागद मानला तर डबा गाडीत न चढवता माझ्या ताब्यात देतील. न मानला तर साहेब स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलतील. दोन्हीपैकी काहीही झाले तरी डब्याची वायर काढावी लागेलच. आईचे काम अजून संपलेले नाही. ती सावकाश ऐकते आहे, एकेक निरोप दोनदा. तिचे म्हणणे एवढेच की वायर काढण्याआधी तिला एक फोन करावा, म्हणजे त्यांचे बोलणे मधेच तुटणार नाही. हवालदारांनी तिचा नंबर लिहून घेतला आहे.