घरात फाटकं न्हाई

गोजरबाई : आधी हात-पाय तर धू. आल्या आल्या ट्रंकेत काय हुडकून राह्यला?

धर्मराज : बाचा जुना शर्ट. खांद्यात फाटलेला होता तो.

गोजरबाई : फाटका शर्ट? तो कशाला पायजे? चांगुणाबाईनं हाळी दिली, 'गोजर, तुझा धर्मा आला जालन्याहून,' तशी मी पीठ जात्यातच टाकून पळत आले. मला वाटलं, पोराला माय आठवली.

धर्मराज : आठवलीच की.

गोजरबाई : मंग माझ्याकडं बघ. ट्रंकेचं तोंड काय बघतो?

धर्मराज : बघतो. वाळली तू. आणि हे बोटाला काय बांधलंय?

गोजरबाई : चिंधी. खडी फोडताना हातोडा निसटला. दुष्काळी कामावर काय फुलं येचायला जाते का मी? आज बाजारचा दिवस, काम बंद, म्हणून घरी तरी घावले. तू बी दुपारच्या गाडीनं आला. सांजच्या गाडीनं आला असता तर थांब्यावरच असते मी.

धर्मराज : थांब्यावर? कशाला?

गोजरबाई : असंच. पाय मोकळे करायला.

धर्मराज : दिवसभर खडी फोडून पाय मोकळे करती?

गोजरबाई : तू शिकलेला हायस, पर माझी उलटतपासणी नको घेऊ. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकर हाय न् मिरचीचा ठेचा. खाणार?

धर्मराज : दे.

गोजरबाई : घे. सावकाश. अरे, ठसका लागंल! कव्हाचा उपाशी हायस?

धर्मराज : उपाशी न्हाई. गाडीत हलून हलून भूक लागती.

गोजरबाई : धर्मा, मी तुला दूध पाजलंय. भुकेचं जेवण न् गाडीतलं जेवण मला कळतं. कितींदा जेवतो तिकडं?

धर्मराज : एकदा. दिवाळीपासून खानावळ बंद केली. बंद म्हणजे, मालकानंच येऊ नको म्हणून सांगितलं.

गोजरबाई : न् ती सरकारची शिष्यवृत्ती?

धर्मराज : ती येती वर्ष सरता सरता. खानावळवाला मागतो महिन्याच्या महिन्याला. सर्जेराव त्याच्या डब्यातली अर्धी भाकर देतो मला. त्याला तर ती शिष्यवृत्तीबी न्हाई. बापाच्या नावावर जमीन दिसती ना कागदावर! दोन साल झाले, त्या जमिनीत कुसळ उगवलं न्हाई.

गोजरबाई : मंग कुणाला तरी सांगा की रे बाबांनो.

धर्मराज : सांगितलं. म्हणून तर आलो. आम्ही कॉलेजची पोरं शिष्टमंडळ घेऊन आमदाराकडं गेल्तो. जालन्याच्या डाकबंगल्यावर.

गोजरबाई : शिष्टमंडळ! कसलं गोड नाव हाय. खायला काही मिळालं का तिथं?

धर्मराज : ऐक तर. आमचं मागणं एवढंच, ज्याच्या घरी गरज हाय त्याला मदत द्या, आणि महिन्याच्या महिन्याला द्या. पाऊस पडून घरचं सावरंपर्यंत. आता मुंबईला अधिवेशन हाय. आमदारसायेबांनी तिथं उभं राहून हे मांडावं.

गोजरबाई : बराबर मागणं हाय. मंग?

धर्मराज : सायबांनी आम्हाला वरून खालपर्यंत बघितलं, न् हसले. म्हणाले, 'कुणाच्या लग्नाला निघालात का रे?'

गोजरबाई : काहून?

धर्मराज : आमदाराकडं जायचं म्हणून सगळे सजून गेल्ते ना. सर्जेरावनं मेव्हण्याचा टेरिलीनचा शर्ट घातला. बद्रीनाथनं मामाचं घड्याळ बांधलं, तेबी बंद पडलेलं. सायबांनी नेमकी त्यालाच वेळ इचारली.

गोजरबाई : अगं बया! मंग?

धर्मराज : मंग काय, बद्रीनाथ म्हणाला, 'सायेब, तुमच्याकडं आल्यावर वेळेचं भानच राहत न्हाई.'

गोजरबाई : हुशार हाय की. न् तू?

धर्मराज : मी तू धुऊन दिला तो घातला. हाच, अंगावरचा.

गोजरबाई : नीळ घातली होती त्याला. पितळंच्या तांब्यात इंगळ भरून इस्त्री केल्ती. एक चुणी ठेवली न्हाई मी.

धर्मराज : तेच झालं माय. सायबांनी माझ्याकडं बोट केलं. सगळ्यांदेखत म्हणाले, 'हा पोरगा बघा. ह्याला कसली आली गरज?'

गोजरबाई : ...असं म्हनला?

धर्मराज : असंच.

गोजरबाई : माझ्या इस्त्रीनं तुझं वाटोळं केलं मंग.

धर्मराज : तसं न्हाई म्हणत मी. उद्या चतुर्थी. सायेब राजूरला गणपतीच्या दर्शनाला येणार हायत, तिथून परभारे मुंबईला. एवढाच मोका उरला. सर्जेरावनं ठरवलंय, सगळ्यांनी फाटक्या कपड्यात, अनवाणी उभं राहायचं. तो तर धुण्याच्या दगडावर पायजमा घासून राह्यला, फाटावा म्हणून. हात सोलला, पर पायजमा काही फाटंना.

गोजरबाई : मांजरपाट असंल. जन्मात फाटायचा न्हाई तो.

धर्मराज : हसू नको. मला म्हणाला, 'धर्मा, तू सगळ्यात पुढं उभा राहा. तुमच्या घरी फाटके कपडे असतीलच.'

गोजरबाई : असतीलच?

धर्मराज : त्याच्या मनात वाईट न्हाई गं. अर्धी भाकर देतो मला.

गोजरबाई : ठाव हाय. वाईट मनानं कुणीच बोलत न्हाई. जेवलास ना? मंग ट्रंक लाव. त्यात फाटकं काही मिळायचं न्हाई.

धर्मराज : बाचा शर्ट कुठं गेला मंग?

गोजरबाई : गोधडीत गेला. ह्या घरात फाटकं राहत न्हाई, धर्मा. फाटलं की ठिगळ, ठिगळ फाटलं की गोधडी. तुझ्या बाचा नेमच होता. सरकारी दारात जायचं तर धुतलेल्या पांढऱ्या कापडात. म्हणायचा, 'फाटक्यात गेलं की आपल्याला बाहेरच उभं करतेत, न् मंग बाहेर उभं राहायची सवय लागती.'

धर्मराज : बाला कॉलेज न्हवतं माय. बाला खानावळ न्हवती. पांढऱ्या कापडानं पोट भरतं का?

गोजरबाई : आवाज चढवू नको. चांगुणाबाईचे कान भिंतीला लागलेले असतेत.

धर्मराज : मंग काय करू, सांग. हे न्हाई जमलं तर मी परत येणार. मुकादमाशी बोल. माझं नाव मस्टरवर घालंल तो. दोघं मिळून खडी फोडू.

गोजरबाई : खरं सांगू का तुला? तू परत आला तर मला बरं वाटंल. लई बरं वाटंल. दिवा लावला तर दिव्यासमोर बसायला कुणी असंल. घरात माणसाचा आवाज असंल. परवा मी निस्ती खोकले, तर माझ्याच आवाजाला दचकले.

धर्मराज : माय...

गोजरबाई : त्याचीच भीती वाटती मला. मी एकटी हाय म्हणून तू माघारी यावा, असं माझ्या मनात येतं. न् एकदा का तू तो हातोडा धरला, की तुझ्या हातातून कुणी सोडवणार न्हाई. आण ती गोधडी इकडं. सुई बी दे, त्या कुडाला खोवलीय.

धर्मराज : काय करती?

गोजरबाई : उसवते. बाचा शर्ट पायजे ना तुला? मधल्या थराला हाय. बाह्या एकीकडं, पाठ एकीकडं, पर जोडून देते सांजंपर्यंत. फाटका दिसला म्हणजे झालं ना?

(गोजरबाई गोधडी मांडीवर घेऊन एकेक टाका उसवू लागते.)

धर्मराज : हळू. बोटाला लागंल.

गोजरबाई : माझेच टाके हायत. मला घाबरतेत ते. हे बघ, खिसा आला. अजून शाबूत हाय. कापड बी बघ कसलं. नागपूरला दीक्षेला जायचं म्हणून शिवला होता. पांढराच पायजे म्हणून जालन्याला जाऊन कापड आणलं. घरात दाणा न्हवता, तरी आणलं.

धर्मराज : तो हा शर्ट?

गोजरबाई : मंग कोणता? दुसरा होता कव्हा त्याला? परत आला तव्हा धुळीनं माखलेला, पर आंघोळ न करता गावातून फिरून आला. सगळ्यांना दिसावं म्हणून. मंग धा-बारा साल घातला. आता सायबाच्या कामाला येऊ दे.

धर्मराज : राहू दे, माय.

गोजरबाई : थांब, कॉलर निघून राह्यली.

धर्मराज : राहू दे म्हणतो ना! सुई खाली ठेव. तो शर्ट घालून मी भीक मागितल्यासारखा उभा राहू? मला न्हाई जमणार.

गोजरबाई : मंग काय घालशील?

धर्मराज : हाच. इस्त्रीचा.

गोजरबाई : न् सायेब पुन्हा हसला तर?

धर्मराज : तर तोंडानं सांगंन.

गोजरबाई : त्या दिवशी तोंड काय जालन्याच्या खोलीवर ठेवून गेल्ता?

धर्मराज : तोंडच उघडलं न्हाई. सगळी पोरं माझ्याकडं बघून राह्यली. घरचं सगळं असं भर माणसांत काढून ठेवायचं म्हणजे... जीभच उचलंना.

गोजरबाई : मंग आज उचल. मी सायेब. हं, बसले गादीवर. बोल पोरा, तुला कसली गरज?

धर्मराज : माय, काहीतरीच काय!

गोजरबाई : सायेब माय नसतो. बोल.

धर्मराज : साहेब, मी धर्मराज. जाफराबाद तालुक्यातला.

गोजरबाई : जोरात. मागच्याला ऐकू गेलं न्हाई.

धर्मराज : साहेब! मी धर्मराज. माझे वडील वारले. आम्हाला शेती नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडते. मला एका वेळचंच जेवण मिळतं, तेही मित्राच्या डब्यातलं. माझ्यासारखी पुष्कळ पोरं आहेत. काही कॉलेज सोडून गेली. मी जाऊ नये म्हणून तुमच्याकडे आलो.

गोजरबाई : चांगलं शिकलेलं बोलून राह्यला. पर शर्ट तर पांढराफेक हाय तुझा.

धर्मराज : आईनं धुतलाय, साहेब. पूर्णा नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खोदते, वाटीवाटीनं पाणी भरते. प्यायलाही पुरत नाही ते. त्यातलं राखून धुतलाय.

गोजरबाई : ...हं. फुडं. घरी दुसरं कोण असतं?

धर्मराज : कुणी नाही. आई एकटी असते. दिवसा कामावर माणसं असतात. संध्याकाळी ती एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसते. जालन्याची गाडी येते, माणसं उतरतात. मी येणार नाही हे तिला ठाऊक असतं. तरी शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघते. गाडी माघारी फिरली की घरी जाते. रोज.

गोजरबाई : ...कुणी सांगितलं तुला?

धर्मराज : चांगुणाबाईनं. उतरल्या उतरल्या.

गोजरबाई : मेलीची जीभ लांब हाय.

धर्मराज : खरं हाय का, माय?

गोजरबाई : सायेब माय नसतो, म्हनलं ना.

धर्मराज : आता सायेब उठून गेला. तू सांग.

गोजरबाई : काय सांगू? तुला कळलं की. बराबर बोललास, उद्या बी असंच बोल. जेवणाचं सांग. पाण्याचं सांग. खडीचं सांग, मला त्याची लाज न्हाई. सर्जेरावच्या जमिनीचं बी सांग, त्याला बोलता येणार न्हाई. तेवढं थांब्याचं नको सांगू.

धर्मराज : काहून?

गोजरबाई : त्याला सरकार काय करणार? डोळे पूस. शर्टावर डाग पडंल. जायचं कव्हा हाय तुला?

धर्मराज : सांजच्याच गाडीनं. माघारी फिरती ना, तिच्यानंच. सगळी पोरं राजूरच्या शाळेच्या वऱ्हांड्यात झोपणार हायत.

गोजरबाई : मंग शर्ट काढ. चुरगळला गाडीत. चुलीत इंगळ हायत अजून, तांब्या तापवते. तवर ती गोधडी घे न् उसवलेले टाके मार. बघू, कॉलेजात काही शिकवलं का न्हाई.

धर्मराज : वाकडे पडतेत.

गोजरबाई : पडू दे. पांघरायला मलाच हाय. तू मारलेले म्हणून कळतील तरी. उद्या सायेब न्हाई म्हनला, तर काय करशील?

धर्मराज : त्याला मुंबईची गाडी हाय. मला न्हाई. दुसऱ्या आमदाराकडं जाईन. हेच सांगंन.

गोजरबाई : न् इकडं नको येऊ.

धर्मराज : न्हाई येणार. म्हणजे, सुट्टीला येईन.

गोजरबाई : सुट्टीला ये. सांजच्या गाडीनं ये. हं, घाल शर्ट, गरम हाय अजून. चल, वेळ झाली.

धर्मराज : तू कुठं निघाली? आजच्या दिवस तरी आराम कर. मी जातो एकटा थांब्यावर.

गोजरबाई : न्हाई, येते. आज कुणी इचारलं, 'गोजर, इथं काहून बसली?' तर सांगायला तरी हाय.