डाव्या कडेचा पंधरावा

दवाखान्यात खुर्च्या नऊ होत्या, माणसं तीन. मी, आमच्या गावच्या रग्बी क्लबचे सचिव नॉरिस आणि ईनिड. ईनिडचा नवरा डेझमंड आत डॉक्टरांकडे होता.

"ईनिड, आपला संघ दोनदा अपुरा पडलाय. या शनिवारीही पंधरा जण उभे राहिले नाहीत, तर लीगमधून हाकलतील. शंभर वर्षांचा क्लब गं! आणि आहेत चौदा."

"म्हणून माझा अडुसष्ट वर्षांचा नवरा? नॉरिस, खुब्याचा सांधा बदललाय त्याचा!"

"नवा आहे ना? आमच्या सगळ्यांचे जुने आहेत. आणि त्याला डाव्या कडेला ठेवतोय. तिथे आपला चेंडू पोचतच नाही."

"कधीच?"

"सत्त्याऐंशी साली एकदा पोचला. तिथे उभा असलेला क्लाइव्ह तेव्हा सँडविच खात होता."

"आणि समोरचे धावत आले तर?"

"बाजूला सरून वाट द्यायची. आम्ही चौदाजण तेच करतो."

"डॉक्टर नाही म्हणाले म्हणजे?"

"ते कसले नाही म्हणतायत! चौदातले एक तेच आहेत."

शनिवारी सामना पूर्ण ऐंशी मिनिटं चालला. आम्ही शून्य विरुद्ध एक्क्याऐंशी असे हरलो आणि लीगमध्ये राहिलो. डेझमंड एकूण बासष्ट मीटर चालला.