निकेयाची परिषद, कर्वेनगर

आमच्या मंदारचं लग्न कसं ठरलं, सांगतो. हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये त्याची रूथशी ओळख झाली, प्रकरण पुढे गेलं आणि एका रविवारी तिने त्याला कर्वेनगरला वडिलांना भेटायला बोलावलं. धीर द्यायला मी बरोबर होतो. वडील चर्चचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले. छाप पाडायची म्हणून मंदारने बसमध्ये वाचलेल्या इंग्रजी कादंबरीतलं ज्ञान बाहेर काढलं.

"काका, बायबलमध्ये कोणती शुभवर्तमानं ठेवायची, ते निकेयाच्या परिषदेत रोमच्या सम्राटाने ठरवलं ना?"

रूथने कपाळाला हात लावला.

"अहो, चौथ्या शतकातली बिशपांची ती परिषद खरी, सम्राटही खरा," काका शांतपणे म्हणाले. "पण तिथे वाद झाला तो येशू देवाच्या बरोबरीचा की नाही, यावर. पुस्तकं निवडण्याचा विषयच नव्हता."

"पण कादंबरीच्या सुरुवातीलाच लिहिलंय, सगळं खरं आहे म्हणून."

"असं होय. रूथ म्हणते, तुम्हाला उत्तम स्वयंपाक येतो. ते कुठल्या पानावर आहे?"

मंदारने खरं सांगून टाकलं. फक्त वरण-भात येतो, तोही कुकरच्या भरवशावर.

"चला, ही माहिती तरी थेट मूळ साधनातून मिळाली," असं म्हणत काकांनी लग्नाची तारीख विचारली.