दारामागचा कोट

सून : आई, मी विचारतेय, माझ्या कोटावर फवारा कुणी मारला?

सासू : मी मारला. आणि ओरडू नकोस, मी बहिरी नाही. तुझा कोट कधीपासून झाला तो? माझ्या लेकाचा आहे.

सून : तुमच्या लेकाचा म्हणूनच दारामागे टांगून ठेवला होता. धुऊ नका, हलवू नका, उन्हात टाकू नका, हात जोडून सांगितलं होतं!

सासू : धुतला कुठे? टांगल्या जागी मारला. एकदा मारून वास जाईना, म्हणून पुन्हा मारला. चांगला ओलाकिच्च होईतो.

सून : जाईना म्हणून पुन्हा! आई, तुमचा लेक गेल्यापासून रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी मी त्या कॉलरमध्ये नाक खुपसते. सुतारखान्यातला भुसा, पॉलिश, मानेचा घाम. आज तिथे काही नाही. दुकानातल्या कापडासारखा कोरा.

सासू : मग बाटली घरात आणली कुणी? 'आई, आमच्या प्रयोगशाळेत यावरच काम चालतं, सगळे वास गिळते ही,' असं कौतुकानं कोण सांगत होतं?

सून : चपलांच्या कपाटासाठी आणली होती!

सासू : बाटलीला काय कळतं, कपाट कुठलं नि कोट कुठला.

सून : तुम्हाला कळत होतं ना? कळून मारलात. का? तेवढं एक सांगा.

सासू : सांगते. तू सकाळी डबा उचलून सुटतेस. दिवसभर या घरात मी असते. वारा आला की दार हलतं, दार हललं की तो वास चुलीपाशी येतो, आणि माझ्या तोंडून निघून जातं, 'आलास का रे? हात धू आधी.' रोज, पोरी. रोज मी रिकाम्या दाराला हात धुवायला सांगते. तू त्याच्याकडे चालत जातेस. माझ्यावर तो चालून येतो.

सून : मग मला बोलायचं! माझ्या खोलीत नेला असता.

सासू : तुझ्या खोलीत. म्हणजे मी दार वाजवून माझ्याच मुलाचा वास मागायचा.

सून : तुम्हाला हवाही होता नि नकोही होता, म्हणून संपवून टाकलात!

सासू : जीभ आवर! माझ्यासमोर तो शब्द नको.

सून : का आवरू? संपव... नाही. थांबा. संपलेला नाहीच तो. रागाच्या भरात माझ्याच डोक्यातून गेलं.

सासू : काय बरळतेस?

सून : त्या बाटलीत साखरेच्या कड्या असतात. डोळ्याला न दिसणाऱ्या, आतून पोकळ, बिनबुडाच्या पेल्यासारख्या. त्या पोकळीत आधी पाणी असतं, पण त्याला तिथे करमत नाही, अवघडून बसलेलं असतं. वासाचा कण आला की पाणी बाहेर पडून मोकळं होतं, आणि कण त्याच्या जागी बसतो. कडीला आम्ही यजमान म्हणतो, कणाला पाहुणा.

सासू : माझ्या लेकाला पाहुणा म्हणतेस? त्याच्याच घरात?

सून : पुस्तकातला शब्द आहे, मी नाही काढला! ऐका तरी पुरतं. पाहुणा आत बसतो तेव्हा थोडी उष्णता बाहेर पडते. इतकी थोडी की हाताला कळत नाही. यंत्रासमोर बसून मी तीच तर मोजते. तुमचा लेक हसायचा मला. 'जगाची ऊब मोजतेस, आणि पाय बघ, बर्फाची लादी,' म्हणायचा.

सासू : म्हणजे आत जाताना तो ऊब देऊन गेला.

सून : हो.

सासू : आणि मी समोर बाटली धरून उभी. मला कळलंही नाही.

सून : कुणालाच कळलं नसतं, आई.

सासू : ती ऊब त्याला परत दिली तर?

सून : तर तो सुटतो. ऊब द्यायची, आणि थोडी ओल.

सासू : मग बघत काय बसलीस? इस्त्री तापव. वाफेची.

सून : नको! हात लावू नका इस्त्रीला! तेवढ्या आचेनं सगळा एकदम सुटेल आणि खिडकीतून जाईल. मग भांडायलाही काही उरणार नाही आपल्याला.

सासू : पुन्हा ओरडलीस! तूच म्हणतेस ऊब दे, तूच म्हणतेस नको देऊ. एवढी शिकलीस, काहीतरी एक सांग.

सून : अंगाची ऊब. अंगाचाच घाम. तेवढ्यानं हळूहळू सुटतो. थोडा सुटतो, थोडा परत आत जातो. पण जो वाऱ्यावर गेला तो गेला. दर वेळी कमीच होणार.

सासू : दारामागे टांगला होता, तेव्हा कमी होत नव्हता?

सून : होत होता. माझ्या नाकाला कळत होतं.

सासू : मग घाल तू. बायको आहेस.

सून : बर्फाची लादी काय ऊब देणार? तुम्ही घाला. बाह्या लांब पडतील, दुमडून घ्या.

(सासू कोट अंगात घालून पलंगावर बसते.)

सासू : काही येत नाही.

सून : धीर धरा.

सासू : धीर मला शिकवू नकोस. खिडकी लाव आधी, वारा येतोय.

सून : लावली.

सासू : दारही लाव.

सून : लावलं. आला का?

सासू : थांब... कॉलरपाशी... आला गं. हात न धुता, तसाच.

सून : सरका जरा.