अंधारात जागी होणारी ग्रंथी

मंडळी,

ऐन दिवेलागणीला तुम्ही सगळे आलात. पलूसची भावकी आलीय, सांगलीहून कॉलेजची पोरं आलीत. मला बोलायला सांगितलंय, पण श्रीपतीच्या फोटोपुढं उभं राहून त्याच्याविषयी 'होता' म्हणायला जीभ उचलत नाही. सांभाळून घ्या.

फोटोपुढचा दिवा अजून लावलेला नाही. कुणी विसरलेलं नाही. त्याचं कारण सांगतो.

श्रीपती आणि मी एकत्र डॉक्टर झालो. मी सांगलीत विश्रामबागेत दवाखाना थाटला, तो कॉलेजात शरीररचना शिकवत राहिला. संसार केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, माझं एका ग्रंथीशी जमलंय. खरंच जमलं होतं. पिनिअल ग्रंथी तिचं नाव. मेंदूच्या पार मध्यात, तुरीच्या दाण्याएवढी. वय वाढलं की तिच्यात बारीक वाळू साठते. उजेडात ती गप्प असते. अंधार पडला की जागी होते आणि रक्तात आपला रस सोडते.

संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसायचो. पाणी काळं व्हायला लागलं की हा हळूच म्हणायचा, "आता सगळ्या गावाच्या डोक्यात ती जागी होतेय बघ." मी विचारायचो, म्हशींच्या पण? म्हशींच्या पण, म्हणायचा, अगदी गंभीरपणे. आणि मंडळी, मला पाण्यातल्या त्या म्हशी वेगळ्याच दिसायला लागायच्या.

त्याची शंका अशी, की ही ग्रंथी मंदावली म्हणजे कॅन्सरला मोकळं रान मिळत असेल का? अंधारातला तो रस गाठीला आवरून धरत असेल का? मी थट्टा करायचो, बाटलीत अंधार भरून विक आता. तो हसायचा. ही नुसती शंका आहे, सिद्ध काही झालेलं नाही, हे आधी तोच सांगायचा.

मग त्यालाच कॅन्सर निघाला. पोटाचा. मुंबईला जाऊन उपचार केले, एकही टाळला नाही. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा इथं पलूसला आला, आईपाशी. त्याची आई म्हणजे आपल्या आक्का, या पुढंच बसल्यात.

आपल्याकडं दुखणाईत माणसाला अंधारात ठेवत नाहीत. तिन्हीसांजेला आक्का उशाशी दिवा ठेवायच्या. हा म्हणायचा, आई, दिवा बाहेर ने. आक्कांचा जीव होईना. रोज वाद. शेवटी त्यानं आईचा हात आपल्या कपाळावर ठेवला आणि वर्गात सांगायचा तशी ती ग्रंथी समजावून सांगितली. आक्कांना पटलं. इतकं पटलं की दिवा तर गेलाच, खिडकीला घोंगडं लागलं. कंदील घेऊन येणाऱ्याला त्या उंबऱ्यावरच अडवायच्या. मलासुद्धा अडवलं.

शेवटच्या संध्याकाळी मी तिथंच होतो. श्रीपती म्हणाला, "आई, दिवा लाव. तुझं तोंड बघू दे."

आक्का म्हणाल्या, "न्हाई रं राजा. अंधार तुझं औषद हाय. उद्या बघशील."

थोड्या वेळानं तो गेला.

तेव्हापासून आक्का धड जेवत नाहीत. दहा दिवसांचा दिवा जावेनं लावला, यांनी वातीला हात लावला नाही. एकच म्हणतात, लेकानं मागितला तवा दिला न्हाई, आता कुणासाठी लावू?

आक्का, आवं, माझं ऐका. डॉक्टर म्हणून सांगतो. दिव्यानं तो वाचला नसता. अंधारानं तो गेला नाही. त्याची विद्या वर्गातल्या पोरांनी ऐकली, मी ऐकली. जिवापाड विश्वास ठेवला तो तुम्ही एकटीनं. तो रुसला असेल का तुमच्यावर? माझे डोळे अंधाराला सरावले होते, मी बघितलं. तुम्ही 'उद्या बघशील' म्हणालात, तेव्हा त्यानं हात उचलला. तुमच्या तोंडावरनं फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. सावकाश, ओळखीच्या वाटेनं चालल्यासारखा.

त्यानं तुम्हाला बघितलं, आक्का.

मंडळी, आता उभं राहू या आणि थोडा वेळ गप्प राहू या. पण त्याआधी, आक्का, तुम्ही उठा. हा दिवा तुम्हीच लावायचा.

श्रीपती, आई आलीय बघ.