पाच खडे आणि कोरियन पोरगी

तुम्ही कोरियन मालिकांना नावं ठेवता म्हणून सांगते. लकव्यानंतर माझ्या सासूबाईंची उजव्या हाताची बोटं वळेनात. डॉक्टरांनी दाबायला चेंडू दिला, तर म्हणायच्या, "मी का लहान पोरगी आहो?"

एकदा माझी लेक मोबाइलवर मालिका पाहत होती. त्यात एक पोरगी पाच खडे उडवून झेलत होती. सासूबाई उठून बसल्या. "हे काऊन असी झेलून राहिली? आमच्या केशोरीत हिले कोणी खेळात घेतलं नसतं. आन वं खडे."

मग रोज तोच खेळ. काल त्यांनी उजव्या हातानं चहा गाळला आणि पहिला कप मोबाइलसमोर ठेवला.

म्हटलं, "आई, ती कोरियात राहते."

"राहू दे. हात तं तिनंच उठवला."