मोटारखान्याचं दार आणि पवळ्याचा खुंटा

…आन वर गल्लीनं मलाच म्हणायचं, "ज्ञानबा, तू लई भित्रा!" आता बघा की! मी भित्रा? तुमाला सांगतो, बारा वर्सं या घरची दमणी हाकली मी, पवळ्या बैल भर बाजारात उधळला तरी कासरा सोडला न्हाय, आन मी एका दाराला भ्यायचं? पण दार कसलं, ते तर इचारा!

मालक आमचे भीमाशंकरअण्णा, सोलापुरात सुताची पेढी. मोटार घेतली त्यांनी. बरं केलं. दमणी मोडली, पवळ्याला मंद्रूपच्या बाजारात इकला, मला मोटारीचं चाक फिरवायला शिकवलं… तेबी बरं केलं म्हणू. मग गोठ्याचा मोटारखाना केला आन म्हणाले, "ज्ञानबा, साधं दार नको. मुंबईत मी बघून आलोय, दार वर जातं!" वर? दार वर कशाला जाईल? दार काय कबुतर हाय? पण मालकाच्या मनात आलं, झालं! सागवानी फळ्या, वरनं लोखंडी पत्रा, दोन बाजूंना खाचा, माथ्यावर कप्पी, कप्पीवरनं साखळी. दोघांनी साखळी ओढायची, दार खडखडत वर जायाचं, वर गेलं की त्याला खालनं आडवी खीळ घालायची. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. त्या एवढ्याशा खिळीवर दोन मणाचं दार! आन दाराखाली कोण? घरातली सहा पोरं!

आवो, पोरांना त्ये दार म्हंजे जत्रंतला पाळणा! दार वर निघालं की ही खालच्या कडेला लोंबकळणार, खाली याला लागलं की "शेवटी कोण, शेवटी कोण" करत खालनं पळणार. तवापासनं माझं एकच, सकाळ न्हाय संध्याकाळ न्हाय, "दार वर, पोरं दूर!" घसा बसला. गल्लीतली लोकं रामराम घालायचं सोडून तेच म्हणाया लागली, "काय ज्ञानबा, दार वर?" म्हणा! हसा!

पोरं ऐकतील तर पोरं कसली? मग मी काय केलं… पवळ्याला बांधायचा खुंटा हुता की गोठ्यात, बाभळीचा, कमरेएवढा. मोटारखाना करताना उपटून टाकलेला. मी उचलून ठिवला हुता, का ते इचारू नका, बारा वर्सं त्याला हात लावलेला माणूस हाय मी. तो खुंटा, दार वर गेलं रं गेलं की खाचेत, दाराच्या बरोब्बर खाली, उभा करायचा. मोटारीला आडवा येत न्हाय, कुणाचं काय खात न्हाय. दार सुटलंच तर खुंट्यावर अडकंल. हाय का न्हाय अक्कल? पण मालक कसे म्हणाले म्हायताय? चष्मा नाकावर घेऊन, "ज्ञानबा, एवढी झकास मोटार, आणि दारात हे लाकूड? पाहुणे हसतात. दसरा झाला की हा खुंटा बंबात घालायचा!" बंबात! पवळ्याचा खुंटा बंबात, आन त्याच्या पाण्यानं ह्यांनी आंघोळ करायची! मी म्हणलं, "घाला. पण दसऱ्यापतूर तरी… दार वर, पोरं दूर!"

आली खांडेनवमी. आता खांडेनवमीला घरातलं समदं लोखंड पूजेला बसतंय, ते काय तुमाला सांगाया पायजे? मी पहाटे उठून मोटार भाईर काढली, धुतली, झेंडूची माळ घातली. माझे पाने, जॅक, पंप, समदे पुसून पाटावर मांडले. दार वर, खीळ घातलेली, खुंटा खाली उभा. आन मी गेलो ऊस आणायला मोटारीला बांधाया. एवढंच! दोन दांड्या ऊस! तेवढ्यात मालकांच्या आई, सावित्रम्मा, पाटाकडं बघून म्हणाल्या, "अय्यो शिवा! कोयता आला, विळी आली, कुलपं आली, आणि ती दाराची खीळ राहिली की रे! ती काय लाकडाची आहे? वर्षभर राबते बिचारी!" आन भीमाशंकरअण्णा, एवढे शिकलेले, इंग्रजी पेपर वाचणारे… स्वतः उठले! साखळी भिंतीतल्या एका मोळ्याला, म्हंजे साध्या खिळ्याला, अडकवली, खीळ काढली, धुतली, हळदकुंकू लावून पाटावर ठिवली. दोन मणाचं दार मोळ्यावर, आन खीळ बसलीया झेंडूत!

मी ऊस घिऊन फाटकात शिरतोय, तर बघतो काय… खीळ न्हाय! मोळा वाकलाय! आन उंबऱ्यावर, दाराच्या बरोब्बर खाली, धाकटी सुंदी, चार वर्सांची, मांडी घालून खोबरं खातीया! मी वरडलो, "दार वर…" ऊस टाकला, पळालो, पण कुटं फाटक आन कुटं सुंदी! मोळा सुटला. दार निघालं. धडधडधड… अण्णांच्या हातातली आरती पडली… मी डोळे मिटले. खरं सांगतो, मिटले.

धाड्!

मी एक डोळा उघडला. दार खुंट्यावर! वाकडं, तिरपं, पण खुंट्यावर! आन सुंदीच्या डोक्याच्या वर हातभर जागा मोकळी! आन ती बया काय म्हणावी? खोबरं चावत, वर बघून, "ज्ञानबा… परत पाड की!"

परत पाड! मी तिला वढून काढली, छातीशी धरली आन रडलो. रडलो म्हंजे काय, बोंबललोच. अण्णा आले. खुंट्यावर हात ठिवून म्हणाले, "ज्ञानबा, मी गाढव." मालक! सगळ्यांसमोर! मी म्हणलं, "न्हाय मालक," पण लगीच न्हाय म्हणलं. जरा थांबून म्हणलं! आन त्याच संध्याकाळी, दसऱ्याचं सोनं वाटायच्या आदीच, सारी गल्ली माझ्या दारात, "ज्ञानबा, आमच्या बी दाराला काय करायचं सांग." आन सहा पोरं रांगेत उभी, हाताची घडी, एका सुरात, "दार वर, पोरं दूर!" जिंकलो की न्हाय? सांगा, जिंकलो की न्हाय!

पण थांबा. दुसऱ्या दिवशी मोटार काढाया गेलो. खीळ जाग्यावर, पण खुंटा न्हाय! बंबात गेला का काय? पळत आत गेलो, तर खुंटा देवघरात! हळद, कुंकू, वर नवा खण, म्होरं पेढा! मी म्हणलं, "आजी, खुंटा द्या की, दाराखाली लागतोय." तर सावित्रम्मा म्हणतात, "अय्यो! पोरीला वाचवलं त्यानं. देवाला कुणी दारात उभं करतं काय?" अण्णांकडं गेलो. अण्णा म्हणाले, "आईच्या पुढं मी काय बोलणार? नवा आणू. तोवर तू आहेसच."

तोवर! पंधरा दिस झाले. दार वर गेलं की खुंट्याच्या जागी मी उभा. पोरं लांब उभी ऱ्हाऊन मलाच वरडून सांगतात, "दार वर, ज्ञानबा, नीट उभा ऱ्हा!" आन परवापासनं सावित्रम्मा सकाळची पूजा झाली की भाईर येतात, माझ्या बी कपाळाला कुंकू लावतात, हातावर पेढा ठिवतात… मी आपला गप खातो. हलायचं कसं? वर दार हाय की!